मूळव्याधीच्या तुकड्यात 'कॅन्सरपूर्व' बदल निघाला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा. आई 57 वर्षांच्या. शौचाच्या वेळी रक्त पडतं म्हणून तालुक्याच्या गावी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. सर्जननी काढलेले कोंब तपासायला पाठवले आणि रिपोर्ट आला: हाय-ग्रेड स्क्वॅमस इंट्राएपिथेलियल लीजन, एआयएन 3, कडा पॉझिटिव्ह, इन्व्हेजन दिसत नाही. म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींत कॅन्सरच्या आधीचा मोठा बिघाड, तो काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोचलेला, पण खोल न उतरलेला. एका डॉक्टरांनी 'शौचाची जागा काढून पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल' असं सांगितलं. दुसरे म्हणाले, 'हे काही नाही, सोडून द्या.' त्यात नात्यातल्या एका काकांना याच जागी मेलेनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) झाला होता आणि ते वर्षभरात गेले, त्यामुळे घर घाबरलेलं आहे. या जागेच्या दुर्मिळ गाठी आणि कॅन्सरच्या आधीच्या वाढी यांवर नक्की काय काय उपचार असतात, ते सविस्तर सांगा, असं तुम्ही म्हणता.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. हातातल्या या रिपोर्टवर पिशवीचं ऑपरेशन करायला काहीही आधार नाही. सोडून देणंही बरोबर नाही. काकांचा आजार आणि आईंचा आजार यांच्यात जागा सोडली तर काहीच समान नाही. आणि त्या तालुक्याच्या सर्जनना एकदा फोन करून धन्यवाद द्या. मूळव्याधीचे काढलेले मोड पॅथॉलॉजीला न पाठवता बादलीत टाकायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. रुग्णाचे पाचशे-हजार रुपये वाचवल्याचं समाधान मिळतं आणि असे रिपोर्ट कधी हाती येतच नाहीत.

गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. पण तेवढ्यात दोन वेगळी अस्तरं येऊन मिळतात. वर मोठ्या आतड्याचं ग्रंथींचं अस्तर, खाली कातडीसारखं चपट्या पेशींचं, आणि मध्ये दातेरी रेषेच्या आसपास बदलत्या पेशींचा एक पट्टा. भिंतीत चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी आहेत, रंगद्रव्याच्या पेशी आहेत, बाहेरच्या कातडीत घामाच्या खास ग्रंथी आहेत, आणि या सगळ्याभोवती शौच धरून ठेवणारे स्नायू. यातल्या कशातूनही गाठ होऊ शकते आणि प्रत्येकीची वागणूक वेगळी. म्हणून 'तिथे गाठ आहे' एवढ्यावर कुणीही उपचार सांगू नये. चपट्या पेशींचा कॅन्सर असेल तर पहिला उपचार रेडिएशन आणि केमो. ग्रंथींचा असेल तर बहुधा पिशवीच्या ऑपरेशनपर्यंत जावं लागतं. मेलेनोमात जमेल तितकी लहान शस्त्रक्रिया. आणि आईंचा जो बदल आहे त्यात फक्त खराब अस्तर जाळणं किंवा मलम. 'एआयएन 3' मधला तीन हा आकडा कॅन्सरचा तिसरा टप्पा नव्हे, हेही घरात सगळ्यांना सांगा. अस्तराच्या जाडीपैकी किती भागातल्या पेशी बिघडल्यात, तेवढंच तो सांगतो. बिघाड अस्तराच्या तळाशी असलेल्या पडद्याच्या वरच आहे, खाली उतरलेला नाही.

तरीही पहिलं काम म्हणजे हा रिपोर्ट पक्का करणं. ज्या लॅबने तपासणी केली तिथून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. लेखी अर्ज केला की देतात. कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा वाचून घ्या. तीन गोष्टी विचारायच्या. एक, हा खरंच हाय-ग्रेड बदल आहे का. शंका असेल तर पी16 नावाचा रंग लावून बघतात. दोन, कुठे पेशी खाली उतरल्यात का. तीन, उतरल्या असतील तर किती. खोली 3 मिलिमीटरपर्यंत, रुंदी 7 मिलिमीटरपर्यंत आणि तेवढा भाग पूर्ण निघालेला असेल, तर त्याला वरवरचा इन्व्हेजिव्ह कॅन्सर म्हणतात आणि त्यात बहुतेकदा नुसती देखरेख पुरते. त्यापुढे गेलं की गणित बदलतं. 'कडा पॉझिटिव्ह' या शब्दांनी मात्र घाबरू नका. मूळव्याधीचे मोड तीन-चार तुकड्यांत निघतात, कडा कुठली हे पॅथॉलॉजिस्टलाही नीट सांगता येत नाही. शिवाय हा बदल अनेक ठिपक्यांनी असतो. एका ठिपक्याची कडा साफ निघाली म्हणजे शेजारी दुसरा नाही, असं होत नाही.

दुसरं काम तपासणीचं. जखम भरायला सहा ते आठ आठवडे द्या, मग भूल देऊन नीट बघायचं. आधी बोटाने. साधी, फुकटची तपासणी आहे आणि ती टाळली जाते तेवढी दुसरी कुठलीच टाळली जात नाही. अस्तराखाली कडकपणा लागतो का, हे कुठल्याही स्कॅनपेक्षा अनुभवी बोटाला आधी कळतं. मग हाय रिझोल्यूशन अॅनोस्कोपी. नाव मोठं आहे, सामान साधं: प्लास्टिकची किंवा स्टीलची छोटी नळी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयाचं तोंड बघायला वापरतात तीच कॉल्पोस्कोपची दुर्बीण. काडीला गुंडाळलेलं गॉज 5 टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये भिजवून नळीतून आत ठेवतात, नळी काढून दोन मिनिटं थांबतात, मग नळी परत घालून काडी काढतात आणि एकेक घडी उलगडत फिरतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. त्या पांढऱ्यात रक्तवाहिन्यांचे ठिपके किंवा फरशीच्या सांध्यांसारखी जाळी दिसली की संशय वाढतो. मग लुगॉलचं आयोडीन लावतात. चांगलं अस्तर ते पिऊन गडद तपकिरी होतं, खराब भाग मोहरीच्या रंगाचा पिवळा राहतो. तिथले चिमटीएवढे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत घालून, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा लिहून तपासायला देतात. आपल्याकडे ही तपासणी सराईतपणे करणारे डॉक्टर थोडे आहेत. शहरात कुणी मिळालं नाही तर कॉल्पोस्कोपी करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गुदविकाराचे सर्जन यांना एकाच वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये बोलावणं, हा व्यवहार्य मार्ग आहे.

त्याच भुलेत आईंच्या गर्भाशयाचं तोंड, योनिमार्ग आणि बाहेरचा भागही बघून घ्यायचा. कारण या बदलामागे बहुतांशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, त्यातही 16 नंबरचा प्रकार, आणि तो तिन्ही जागांवर एकाच वेळी ठाण मांडू शकतो. एचआयव्हीची तपासणीही करा. मूत्रपिंड बदललेलं असेल किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथे थोडं थांबून एक बोलतो. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो हे वाचल्यावर घरात कुजबुज सुरू होते. तो इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात केव्हातरी होऊन गेलेला असतो, आणि त्याने केलेला बिघाड दिसायला वीस-तीस वर्षंही लागतात. गुदमार्गात तो यायला गुदसंभोगच व्हायला हवा असंही नाही. बायकांमध्ये पुढच्या भागातून मागे सहज येतो. तेव्हा आईंना किंवा वडिलांना यावरून एकही प्रश्न विचारू नका. त्या उत्तराने उपचारात तसूभर फरक पडत नाही, आणि या एका प्रश्नाच्या धास्तीने तपासणीला न आलेल्या बायका मी पाहिल्यात.

आता उपचार. हाय-ग्रेड ठिपके सापडले तर आज पहिली पसंती ते नेमके जाळण्याला आहे. इलेक्ट्रोकॉटरी म्हणजे विजेच्या सुईने जाळणं हे सगळीकडे उपलब्ध, स्वस्त आणि परिणामकारक. इन्फ्रारेड कोअॅग्युलेशन आणि लेझर हे त्याचेच भाऊबंद. लहान एक-दोन ठिपके असतील तर 80 ते 85 टक्के ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडचा थेंब काडीने लावतात, काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. बाहेरच्या कातडीवर मोठा भाग पसरलेला असेल तर इमिक्विमॉड 5 टक्के मलम आठवड्यातून तीन रात्री, 16 आठवड्यांपर्यंत. किंवा 5-फ्लुरोयुरासिलचं मलम ठरावीक चक्रांत. मलमांनी जागा लाल होते, सोलवटते, आग होते. हे होणारच आहे, औषध लागू पडत असल्याची ती खूण असते, पण हे आधी न सांगितल्यामुळे बरेच जण दुसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात. ठिपके सगळ्या बाजूंनी असतील तर एकाच बैठकीत पूर्ण गोल जाळायचा नाही. तसं केलं तर जागा आकसते आणि शौचाला कायमचा त्रास होतो. दोन-तीन टप्प्यांत करायचं.

याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न बरीच वर्षं अनुत्तरित होता. 2022 मध्ये अमेरिकेतल्या अँकर चाचणीचे निष्कर्ष आले. 35 वर्षांवरच्या, एचआयव्ही असलेल्या आणि हाय-ग्रेड बदल सापडलेल्या सुमारे 4,400 लोकांपैकी निम्म्यांवर उपचार केले, निम्म्यांवर नुसती बारीक देखरेख ठेवली. देखरेखीच्या गटात 21 जणांना कॅन्सर झाला, उपचारांच्या गटात 9 जणांना. म्हणजे धोका 57 टक्क्यांनी घटला. या आकड्यांतून मी दोन गोष्टी घेतो. उपचारांशिवायही कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला हजारात साधारण चार होतं, आणि तेही एचआयव्ही असलेल्यांत. तेव्हा आज रात्री झोप उडवण्यासारखं काही नाही. दुसरी अशी, की उपचार करूनही नऊ जणांना कॅन्सर झालाच. हे बदल परत येतात, पुष्कळदा येतात. म्हणून जाळून झाल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी आणि परत दिसलं तर परत जाळणं, हे वर्षानुवर्षं चालतं. रक्तदाबासारखं सांभाळत राहायचं दुखणं आहे हे.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा सल्ला कुठून आला असेल, त्याचा अंदाज मला आहे. पूर्वी याच बदलाला, विशेषतः बाहेरच्या कातडीवर असला की, बोवेनचा आजार म्हणायचे आणि चारी बाजूंनी नमुने घेऊन रुंद पट्टाच्या पट्टा कापून काढायचे, वर कातडीचा तुकडा फिरवून लावायचे. आजार तरीही परतायचा, वर जागा आकसायची किंवा शौच रोखता यायचं नाही. आता ती पद्धत मागे पडली. आणि पिशवीचं ऑपरेशन तर त्या काळातही या बदलासाठी नव्हतं.

समजा, फेरतपासणीत खरा कॅन्सर निघाला, चपट्या पेशींचा. या जागेच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. तरीही पिशवी हा पहिला उपाय नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. यामागे एक इतिहास आहे. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी 1908 मध्ये गुदमार्ग आणि गुदाशय पोटातून व खालून पूर्ण काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं या कॅन्सरला तोच उपाय होता. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले सर्जन नॉर्मन निग्रो यांनी ऑपरेशन सोपं जावं म्हणून आधी 30 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) रेडिएशन आणि त्यासोबत केमो देऊन पाहिलं. 1974 मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकीकत छापली. दोघांचं ऑपरेशन केलं तर काढलेल्या भागात कॅन्सरची एक पेशी सापडेना. तिसऱ्याने ऑपरेशनला नकार दिला, आणि त्याची गाठही गेलेली होती. सर्जननेच स्वतःचं ऑपरेशन अनावश्यक ठरवलं, असं वैद्यकात क्वचित घडतं.

त्यानंतरच्या मोठ्या चाचण्यांनी ते पक्कं केलं. ब्रिटनच्या अॅक्ट-1 मध्ये नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी 59 टक्के लोकांमध्ये त्या जागी आजार आटोक्यात आला नाही किंवा परत आला, केमो जोडल्यावर हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. आजचा नेहमीचा आराखडा असा: सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा 28 बैठकांत 50.4 ग्रे रेडिएशन, पहिल्या दिवशी मायटोमायसिनचं इंजेक्शन, आणि पहिल्या व पाचव्या आठवड्यात 5-फ्लुरोयुरासिलची सलाईन. किंवा त्याऐवजी रेडिएशनच्या दिवशी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. बाहेरगावच्या रुग्णाला गोळ्या सोयीच्या पडतात, चार दिवस सलाईनला बांधून राहावं लागत नाही. लहान गाठींना 41.4 ग्रे पुरतील का, हे तपासायला ब्रिटनमध्ये अॅक्ट-4 चाचणी हाती घेतली गेली. बाहेरच्या कातडीवरची, 2 सेंटिमीटरपेक्षा लहान, स्नायूपासून दूर असलेली गाठ मात्र सरळ कापून काढता येते, भोवतीचं सेंटिमीटरभर चांगलं कातडं घेऊन.

आमच्याकडचे रुग्ण रेडिएशनला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जांघा आणि मागची कातडी भाजल्यासारखी सोलवटते, जुलाब लागतात, लघवीला आग होते, रक्तातल्या पेशी उतरतात. याच सुमाराला घरचे म्हणतात, 'आठ दिवस थांबू या, जरा बरं वाटलं की परत जाऊ.' थांबू नका. उपचारात मोठा खंड पडला की गाठीला सावरायला वेळ मिळतो. कोमट पाण्यात बसवा, सैल सुती कपडे वापरा, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा, दुखण्याची गोळी वेळेवर द्या, पण बैठक चुकवू नका. छातीत दुखलं तर मात्र त्याच क्षणी कळवा. 5-फ्लुरोयुरासिल आणि कॅपेसिटाबिन दोन्हींनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. बायकांमध्ये योनिमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे जागा हळूहळू रुंद करणारी गुळगुळीत कांडी, वापरायला शिकवतात. हा विषय ओपीडीत कुणी काढत नाही. तुम्ही काढा, किंवा आईंच्या वतीने बहिणीला काढायला सांगा.

आणि उपचार संपले की घाई करू नका. अॅक्ट-2 चाचणीत 940 रुग्ण होते. 11 आठवड्यांनी ज्यांची गाठ पूर्ण गेलेली नव्हती, त्यांच्यापैकी 72 टक्के लोकांची ती 26 आठवड्यांपर्यंत आपोआप गेली. तिसऱ्या महिन्यात थोडा कडकपणा लागला म्हणून पिशवीच्या ऑपरेशनची तारीख देणारे सर्जन आजही आहेत. गाठ वाढत नसेल तर सहा महिने वाट बघायची. त्यानंतरही ती राहिली, किंवा गेलेली परत आली, तर मात्र माइल्सचं ते जुनं ऑपरेशनच उपयोगी पडतं आणि त्यातून माणूस पूर्ण बराही होऊ शकतो. रेडिएशन झालेली जागा लवकर भरत नाही, म्हणून पोटाचा स्नायू आणि कातडी खाली फिरवून ती पोकळी बुजवावी लागते. यासाठी प्लास्टिक सर्जन सोबत असलेलं रुग्णालय निवडा.

आजार यकृतात किंवा फुप्फुसात गेलेला असेल तर कार्बोप्लॅटिन आणि दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही जोडी आज वापरतात. 2020 मध्ये छापलेल्या तुलनेत जुन्या सिस्प्लॅटिनच्या जोडीवर सरासरी 12 महिने आणि या जोडीवर 20 महिने जगणं मिळालं. रेटिफॅनलिमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाला याच जोडीबरोबर वापरायला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली.

आता दुर्मिळ प्रकार. त्यातला एक आपल्याकडे खास लक्ष देण्यासारखा आहे: जुन्या भगंदरात होणारा ग्रंथींचा कॅन्सर. भगंदर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं अंगावर काढणारी माणसं आपल्या गावोगाव आहेत. कधी क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषधी दोरा), कधी ऑपरेशन, कधी एसटी स्टँडजवळच्या बोर्डावरचा 'बिनटाका इलाज', आणि मध्ये चार वर्षं काहीच नाही. क्षारसूत्राबद्दल माझी तक्रार नाही, जाणत्या वैद्यांच्या हातात ते चांगलं काम करतं. तक्रार आहे ती जुन्या भगंदराचा तुकडा कधीच न तपासण्याबद्दल. पू येत होता तिथून जेलीसारखा बुळबुळीत स्राव यायला लागला, बसताना ठणका वाढला, भोवती घट्ट गाठ लागू लागली, की आधी एमआरआय करा आणि मार्गाच्या आतून खरवडून, खोलवरचा तुकडा तपासा. वरवरच्या तुकड्यात हा आजार हुलकावणी देतो. कॅन्सर निघाला तर उपचार गुदाशयाच्या कॅन्सरसारखे: आधी रेडिएशन आणि केमो, मग गुदमार्गासकट पूर्ण भाग काढणं. इथे पिशवी खरोखर लागते, आणि ती टाळायच्या नादात वेळ घालवणं महागात पडतं.

काकांना झाला तो मेलेनोमा. कातडीवरच्या मेलेनोमाशी याचं नातं नावापुरतंच; उन्हाचा संबंध नाही, आणि आई-बापाकडून येण्याचीही भीती धरू नका. काळपट, दुखरा कोंब दिसतो आणि रक्त गोठलेली मूळव्याध समजून त्याला रबरी बँड लावला जातो. काही मेलेनोमा तर काळेही नसतात, मांसाच्या रंगाचे असतात; एस-100 आणि एचएमबी-45 हे रंग लावल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टलाही ते ओळखता येत नाहीत. पूर्वी सगळ्यांना पिशवीचं ऑपरेशन व्हायचं. मग लक्षात आलं की मोठं ऑपरेशन केलेले आणि फक्त गाठ व भोवतीचा भाग काढलेले, दोघंही सारखेच जगतात, कारण माणूस जातो तो दूर पसरलेल्या आजाराने. म्हणून गाठ साफ कडांसह निघत असेल तर तेवढीच काढावी, शौचावरचा ताबा राखावा. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण पाचात एकाहूनही कमी आहे, हे लपवत नाही. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारख्या इम्युनोथेरपीने काहींना चांगला फायदा होतो, तरी कातडीच्या मेलेनोमाइतका नाही. केआयटी जनुकात बदल सापडला तर इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडू शकतात. म्हणून जनुक तपासणी सुरुवातीलाच करावी.

पॅजेटचा आजार, म्हणजे कातडीच्या वरच्या थरात पसरणारा ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, खाजेच्या नावाखाली लपतो. मागच्या कातडीवर लालसर, ओलसर, कडा स्पष्ट असलेला चट्टा. मेडिकलवाल्याकडून आणलेलं स्टेरॉइड घातलेलं गजकर्णाचं मलम वर्ष-दोन वर्षं लावून होतं, थोडं बरं वाटतं, परत खाज. सहा आठवडे नीट उपचार करूनही न जाणाऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासलाच पाहिजे. निदान झालं की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आलीच, कारण काही वेळा आत गुदाशयातला कॅन्सर कातडीवर अशा रूपात उमटलेला असतो. तसा नसेल तर चट्टा रुंद कापून काढतात, ज्यांना ऑपरेशन झेपत नाही त्यांना इमिक्विमॉड देतात. दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, तेव्हा फाइल जपून ठेवावी.

बुश्के-लोवेनस्टाइन ही मसांची प्रचंड वाढ, एचपीव्हीच्या 6 आणि 11 या प्रकारांनी होणारी. रुग्ण लाजेने इतका उशिरा येतो की बसताही येत नाही. दूर पसरत नाही पण आत खणत जाते, आणि तिच्या पोटात कुठेतरी खरा कॅन्सर दडलेला असू शकतो. म्हणून पूर्ण कापून काढून प्रत्येक भागाचे तुकडे तपासावे लागतात. लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर फुप्फुसातल्या त्याच प्रकारासारखा वागतो, त्याला सिस्प्लॅटिन-एटोपोसाइडची केमो आणि रेडिएशन. भिंतीच्या स्नायूंच्या थरात होणाऱ्या जिस्ट नावाच्या गाठीला शस्त्रक्रिया आणि इमॅटिनिब. बेसल सेल कार्सिनोमा तिथल्या कातडीवर क्वचित होतो, नुसता कापला की संपतो.

व्यवहाराचं थोडं. अशा आजाराला एकट्या सर्जनचं मत पुरत नाही. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसतात असं रुग्णालय हवं. परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र आहेच, पण दर वेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. नागपूरला, बार्शीला कॅन्सर रुग्णालयं आहेत, पुण्यातही सोय आहे. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिन्ही बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा, नंतर नाही.

घरात मुलं-मुली असतील तर त्यांची एचपीव्ही लस करून घ्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 9 ते 26 वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे, 6, 11, 16 आणि 18 हे चार प्रकार तिच्यात येतात. आईंना आज लस देऊन झालेला बदल मागे फिरणार नाही. घरात बिडी-सिगारेट ओढणारं कुणी असेल तर त्यांनी ती सोडावी, या आजारात धूम्रपानाने धोका वाढतो हे सिद्ध आहे.

शेवटी तुम्ही एक विचारलंय: शहरातल्या एका लेझर क्लिनिकने 'उरलेली मूळव्याध आणि हा बदल, दोन्ही एका दिवसात लेझरने जाळून टाकतो' असं सांगितलं आहे, करू का? नका करू, निदान इतक्यात नको. आधी दुर्बिणीने बघून, तुकडे घेऊन, त्यांचे रिपोर्ट हातात यायला हवेत. न तपासता सरसकट जाळलं की पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काही उरत नाही, आणि राखेखाली कॅन्सर होता की नव्हता हे मग कुणालाच सांगता येत नाही. त्या क्लिनिकला एवढंच विचारा, जाळण्याआधी अॅसिटिक अॅसिड लावून बायोप्सी घेणार का आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघणार का. दोन्हीला 'हो' म्हणाले तर पुढचं बोलता येईल. दरम्यान जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागली, रक्त परत सुरू झालं, किंवा जखम दोन महिन्यांनीही भरली नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आईंना दाखवून आणा.